पहिली धार भिंतीवर

आमच्या पाळणाघराच्या दाराशेजारची भिंत कायम पिवळी पडलेली असायची. कारखान्याचा मुकादम दर दिवाळीला तिला चुना मारून घ्यायचा आणि दर वेळी मला ऐकवायचा, "बाई, बाकीच्या भिंती टिकतात, हीच कशी खराब होते? पोरांना इथं उभं करता की काय?" मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून न्यायचे. ती भिंत दुधानं पिवळी पडते, हे त्या मिशाळ माणसाला तोंडावर सांगायची माझी टाप नव्हती.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. कामावरून किंवा उन्हातून तरातरा आलेल्या बाईनं पोराला लगेच अंगावर घ्यायचं नाही, अशी आमच्या बायकांची पक्की समजूत. अंग तापलेलं, जीव दमलेला, म्हणजे दूधही तसंच. म्हणून पहिली धार बाहेर पिळून टाकायची आणि मग पाजायचं. जमिनीवर टाकलं तर दूध पायाखाली येतं, म्हणून भिंतीवर. 'पहिल्या धारेची' म्हटलं की पुरुषमंडळींच्या डोळ्यांपुढं भलतीच बाटली येते, हे मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांपुढं अजून ती भिंत येते.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चिंचवडला तेव्हा कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. स्टेशनापासून नदीपर्यंत ज्वारी, आणि मध्येच एखादं धुराडं. आमचा कारखाना बटणांचा. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची बटणं. पुरुष मशीनवर कापायचे आणि बायका लांबलचक टेबलांशी बसून फुटकी निवडून बाजूला काढायच्या, धड असलेली पुठ्ठ्यावर टाचायच्या. दिवसभर पांढऱ्या बटणांकडे बघून त्यांचे डोळे असे दुखून यायचे की बाहेर उजेडात आल्यावर समोरचं माणूस पटकन ओळखू यायचं नाही.

बायका ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्या की कारखान्याला पाळणाघर ठेवावं लागे, असा कायदा नवा नवा आला होता. मालकांनी गोदामाची एक खोली रिकामी केली, तुळईला कापडाच्या झोळ्या टांगल्या आणि त्यांच्यावर मला नेमलं. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, नर्सिंग अर्ध्यात सोडलेली आणि नवऱ्यानं टाकलेली. टाकण्याचं कारण एकच, मूल झालं नाही. अशा बाईच्या हवाली खोलीभर तान्ही पोरं करण्यात मालकांना काही वावगं दिसलं नाही. बायकांना दिसलं. पहिले काही आठवडे प्रत्येक पोराच्या कपाळावर, गालावर, तळपायावर काजळाची इतकी तीट असायची की त्यात चेहरा शोधावा लागायचा. ती कुणाच्या नजरेसाठी आहे ते मला कळायचं. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण आंघोळ घालताना तीट पुसली गेली तर मीच काजळाची डबी काढून पुन्हा लावून द्यायचे. हळूहळू त्या मला 'पाळणाबाई' म्हणायला लागल्या, तेव्हा मी समजले की आता आपल्याला ठेवून घेतलं.

"पाळणाघर म्हणजे पोरं झोपवायची, त्यात काय मोठंसं?" असं माझा भाऊ म्हणायचा. त्याला एक दिवस आणून बसवायला हवा होता. पाजायची घंटा झाली की निवडीच्या टेबलावरून बायकांना एकेक पितळी बिल्ला देऊन सोडायचे. बाई धावत यायची, भिंतीवर धार सोडायची, बिल्ला माझ्या हातात द्यायची, झोळीतून आपलं पोर उचलायची, पाजायची आणि बिल्ला घेऊन पुन्हा धावत जायची. उशीर झाला की मुकादम डोक्यावर मिऱ्या वाटायला टपलेलाच. मधल्या वेळात दुपटी बदलायची, कुणाला जुलाब, कुणाला दात, कुणाचं अंग कढत लागतंय हे बघायचं. पण खरं सांगायचं तर हे काम डोळ्यांपेक्षा कानांचं. सगळी पोरं झोपली की मी स्टुलावर बसून त्यांचे श्वास ऐकत बसायचे. कुणाचं नाक चोंदलंय, कुणाच्या छातीत घरघर आहे, हे झोळीत न डोकावता सांगता यायला लागलं होतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एक पोरगी मशीनच्या आवाजातच झोपायची आणि जेवणाच्या सुट्टीत कारखाना शांत झाला की भोकाड पसरायची. एका रत्नागिरीकडच्या गृहस्थांना सुट्टीत खिडकीशी येऊन तीन महिन्यांच्या मुलाला मुकादमाच्या तक्रारी सांगायची सवय होती. ऐकून घेणारं घरातलं दुसरं कुणी नव्हतं बहुतेक. पोरगं अगदी समजल्यासारखं बघायचं. मीही माझ्या तक्रारी झोपलेल्या पोरांना सांगत असे, त्यामुळे मला हसायचा अधिकार नव्हता.

आता ज्या पोरासाठी हे लिहायला घेतलं त्याच्याकडे वळते. त्याचं नाव भानू. गंगू नावाच्या बीडकडच्या बाईचा मुलगा, सहाएक महिन्यांचा. गंगू निवडीत होती आणि तिचा नवरा आमच्याच कारखान्यात मशीनवर. स्टेशनाजवळ एका खोलीत दोघं राहायची. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर.

भानूला डबा होता. तान्ह्या पोराची छाती भरून आली, श्वास घेताना पोट उडायला लागलं, छातीतून शिट्टी वाजायला लागली की आमच्याकडे 'डबा झाला' म्हणतात. त्यात सर्दीही येते, न्यूमोनियाही येतो आणि बाळदमाही. पहिल्यांदा त्याची धाप बघून मी घाबरले आणि शिपायाला त्याच्या बापाकडे पिटाळलं, "सांग, बाईंनी लगेच बोलावलंय, डबा झालाय." शिपाई जाऊन हसत परत आला. बाप म्हणाला होता, "झालाय तर झाकून ठेवा म्हणावं, सुट्टीत येऊन जेवतो." पुढं कित्येक दिवस हा विनोद कारखान्यात फिरत होता. गंगू मात्र त्यावर हसली नाही. ती कशावरच हसायची नाही.

आमच्या डॉक्टरांचा आठवड्यातून एकदा फेरा असे. मध्यमवयीन, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भानूला तपासलं, पातळ औषध दिलं आणि शिंपल्याच्या धुळीवर बोट ठेवलं. बापानं मशीनवरून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय पोराला घ्यायचं नाही, झोळी खिडकीपासून दूर टांगायची, खोलीत चुलीचा धूर कोंडू द्यायचा नाही. मी सगळं डोळ्यांत तेल घालून पाळलं. फरक पडला, नाही असं नाही. पण धाप जाईना.

एके सकाळी गंगू भानूला माझ्याकडे देताना म्हणाली, "छातीवर कुनी जातं ठेवल्यावानी झालंय, बाई. दम वर येत न्हाई."

मी भानूच्या छातीला हात लावला. "कधीपासून? ताप होता का रात्री?"

"त्याचं न्हाई," ती म्हणाली. "माझं सांगतेय."

आणि जीभ चावल्यासारखं करून ती निघून गेली. त्या दिवशी दुपारी भानूला धाप लागली.

तिथपासून मी गंगूकडे बघायला लागले. तिचे काही दिवस बरे असायचे. केस विंचरलेले असायचे, भानूशी दोन शब्द बोलायची. काही दिवस अगदीच वाईट. पोराला पदराखाली घेऊन बसायची आणि समोर बघत राहायची. पोर पितंय की झोपलंय, याचाही तिला पत्ता नसायचा. आणि तिच्या अशा दिवसांत भानूची छाती वाजायची. दर वेळी असं व्हायचं, असं मी म्हणणार नाही. कधी तिचा दिवस बरा जायचा आणि तरी त्याला धाप लागायची. पण पुष्कळदा दोन्ही एकत्र यायचं, आणि ते माझ्या मनातून जाईना.

थोडं थोडं करून मला तिची हकीगत कळली. भानूच्या आधी तिला मुलगी होती, शेवंता. चालायला लागली होती. गंगूला भानूचे दिवस गेलेले असताना गावाकडच्या घरीच शेवंता गोवरानं गेली. बायकांनी गंगूला बजावलं, "रडू नगंस, पोटातल्याला बाधंल." म्हणून ती रडली नाही. मग भानू झाला. बायका म्हणाल्या, "आता तर मुळीच रडू नगंस, दुधात उतरंल." म्हणून तेव्हाही रडली नाही. नवरा मुलीचं नावही काढू द्यायचा नाही. त्याचाही जीव तुटत असणार, पण तो पहाटे कामावर जायचा आणि दमून येऊन झोपायचा. गंगूला दोन माणसांत बसून 'माझी पोर गेली' एवढं म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. हे तिनं मला सांगितलं तेव्हाही तिचे डोळे कोरडे होते.

मी डॉक्टरांना विचारलं. भीत भीतच, कारण हे बोलणं मला स्वतःलाच खुळ्यासारखं वाटत होतं. "आईच्या मनाचं पोराच्या छातीत जातं का हो?"

ते हसले नाहीत. स्टेथोस्कोपची नळी गुंडाळून त्यांनी बॅगेत ठेवली. "माझ्याही पाहण्यात अशी मुलं आहेत," ते म्हणाले. "संबंध असावा असं वाटतं. कसा, ते मला ठाऊक नाही. पण बाई, हे तिला सांगू नका. तुम्ही काहीही म्हणालात तरी तिला एकच ऐकू येईल, की दोष तिचा आहे."

परवा आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या की, हल्ली मुलाच्या दम्यात आईच्या मनाचाही विचार करतात. मी म्हटलं, बरं झालं, पण मग आईच्या छातीवरचं जातं कोण उचलतं? त्या म्हणाल्या, ते अजून तसंच आहे.

तर मी गप्प राहिले. पण जे आम्ही गंगूला सांगायचं टाळलं, ते तिची सासू गावाहून येऊन सांगून मोकळी झाली. म्हातारी उंच, काटक, कपाळ पांढरं. नातवाला बरं नसतं असं कळल्यावर एकटी प्रवास करून आली होती. पहिल्याच दिवशी ती सुनेबरोबर पाळणाघरात आली, दाराशी बसून सगळं निरखलं आणि मला म्हणाली, "पाळणाबाई, ह्या बाईचं दूध दुखाचं हाय. दुखाचं दूध लेकराच्या छातीत साचतंय. मी लेकरू गावाकडं नेते. शेळीचं दूध पाजीन, तिथं खणखणीत हुईल."

"इतक्या लहान पोराला आईपासून तोडू नका," मी म्हटलं.

"तुमाला काय ठावं त्यातलं?" ती म्हणाली. ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. तरी मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्याच वेळी सखू तिच्या मुलाला पाजत बसली होती. सखू नदीपलीकडच्या काळेवाडीची, जुन्या शेतकरी घराण्यातली सून. गोरीपान, आडव्या अंगाची, बोलायला लागली की अख्खं निवड खातं ऐकणार. तिचं पोरगं गुबगुबीत. म्हातारीनं तिच्याकडे बोट केलं. "दूध असावं तर असं. हसऱ्या बाईचं दूध. ह्यातला घोट जरी माझ्या नातवाला मिळता, तर ही धाप कवाच पळाली असती."

सखू खूश होऊन हसली. पण म्हातारी जवळून गेली तशी तिनं पदर आवरून घेतला. गंगूचं घर गावकुसाबाहेरचं होतं. आमच्या पाळणाघरात झोळ्यांना जात नव्हती, पाण्याच्या माठांना मात्र होती, आणि ती मोडायची माझी हिंमत नव्हती.

जायचा दिवस ठरला. तोवर पोराची सवय मोडावी म्हणून म्हातारीनं गंगूला पाजायला बंदी केली. औषध माझ्याकडे असायचं म्हणून दिवसा भानू पाळणाघरातच राहिला; मला तिनं एक बोंडलं आणि शेळीचं दूध आणून दिलं. बोंडलं म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी, त्यानं तान्ह्याला दूध पाजतात. भानू त्यातलं निम्मं थुंकून टाकायचा. धाप चालूच होती. म्हातारी म्हणाली, "शेळीचं दूध थंड पडत असंल, गावाकडच्या हवेत मानवंल."

आणि गंगू? तिनं एका शब्दानं विरोध केला नाही. तिला पटलं होतं ना. आपणच पोराला विष पाजत होतो, हे तिनं मुकाट्यानं कबूल करून टाकलं होतं. पाजायची घंटा झाली की ती इतर बायकांबरोबर यायची, कारण दूध काही घंटा विसरत नाही. भिंतीपाशी उभी राहायची आणि पहिली धार नव्हे, सगळंच पिळून टाकायची. आत भानू रडत असायचा. आत न येता, माझ्याकडे न बघता ती बिल्ला घेऊन परत जायची. मी तिला एकदा हाक मारली. ती म्हणाली, "नगं बाई. मी आत आले तर त्याला तरास हुतो." मी बोंडलं घेऊन आत गेले आणि भानूला मांडीवर घेऊन रडले. त्या खोलीत माझ्या रडण्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

म्हातारी जायच्या आदल्या दिवशी कारखान्यात सरकारी तपासणी होती. मॅनेजरसाहेबांना हुक्की आली आणि त्यांनी एकाच ताग्यातून सगळ्या पोरांसाठी झबली आणि टोपडी शिवून आणली. बटणं अर्थात आमचीच, फुटक्यांतली. पोरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसायला लागली. मलाही तपासायला आलेल्या साहेबांसमोर उभं केलं होतं, माठ किती, दुपटी किती, हे सांगायला. तेवढ्यात घंटा झाली आणि बायका आल्या.

साहेब पुढं गेल्यावर सखूनं मला कोपऱ्यातून हलकेच हाक मारली. एरवी तिची हाक फाटकापर्यंत जायची. "बाई, हितं या जरा."

मी गेले. तिच्या पदराखाली पोर चुटूचुटू पीत होतं. तिनं टोपडं किंचित सरकवलं. "ह्याच्या कानात बाळी न्हाई वो. माझ्या खंडूचं कान टोचल्यात. ह्ये कुनाचं हाय?"

बटणांनी दमलेल्या डोळ्यांनी, अंधाऱ्या कोपऱ्यात, तिनं शेजारच्या झोळीतलं पोर उचललं होतं. मी ओळखलं. "गंगूचं," मी म्हटलं.

सखूचा चेहरा उतरला. तिनं दाराकडे बघितलं, इकडंतिकडं बघितलं. पण पोराला काढलं नाही. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "भुकेलं हाय, वढतंय कसं. आता अर्ध्यात कसं तोडू?" आणि तिनं त्याला पोटभर पिऊ दिलं. कित्येक दिवसांनी भानू आपणहून दूध सोडून झोपला. तिनं त्याला माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट धरलं. "कुनाला सांगू नगा, बाई. आमच्या घरी कळलं तर सासरा मला दारात उभी करायचा न्हाई."

मी शब्द दिला.

दुपारी भानूची छाती वाजायला लागली. धाप नेहमीचीच, शिट्टी नेहमीचीच. पुढच्या घंटेला सखू आली तेव्हा मी त्याला उभं धरून पाठीवर हात फिरवत होते. ती ऐकत उभी राहिली. "माझं पिऊन बी?" ती म्हणाली. मी मान हलवली. उघड्या दारातून तिला बाहेरची भिंत दिसत होती. भिंतीपाशी गंगू होती, डोकं भिंतीला टेकवून, पाजायचं ते दूध चुन्यावर सोडत. सखू बघत राहिली. तिचं पोरगं रडत होतं तरी तिला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या भोंग्याला म्हातारी गाठोडं घेऊन आली. संध्याकाळची गाडी होती. बायका आपापली पोरं घेऊन निघाल्या होत्या. मी भानूला स्वच्छ पुसलं, कपडे घातले आणि बाहेर आणलं. शब्द दिला नसता तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण दिला होता. गंगूनं पोराला माझ्याकडून घेतलं, क्षणभर धरलं आणि सासूपुढं केलं.

"आजी, थांबा जरा," मागून सखू म्हणाली.

ती नेहमीच्या आवाजात बोलली. म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "काल तुमच्या नातवाला म्या पाजलंय. चुकून उचललं, पर पोटभर पाजलं. माझंच दूध, तुमी वाखानलं त्येच. तरी बी त्याला धाप लागली. तवा दुधाचं नाव काढू नगा."

पुढचं आधीच सांगून टाकते. ही बातमी सखूच्या आधी नदीपलीकडं पोचली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही, पुन्हा कधीच आली नाही. मी एकदा काळेवाडीला गेले होते, पण तिच्या सासूनं दारातूनच मला परत पाठवलं. आत कुठंतरी सखू असणार. इतक्या मोठ्या आवाजाची बाई, पण आतून काही ऐकू आलं नाही. मी नदीकाठानं एकटीच परत आले आणि त्या वाटेवर मला माझ्या नोकरीचा, त्या भिंतीचा, सगळ्याचाच राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

पण त्या संध्याकाळी सखू ताठ उभी होती. बायका थबकल्या, काहींनी तोंडाला पदर लावला. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. "खरं का, पाळणाबाई?"

"खरं," मी म्हटलं.

"आनि तरी लागली?"

"लागली. मी ऐकली, हिनंही ऐकली."

सखूनं खंडूला काखोटीला मारलं आणि मागं न बघता निघून गेली. हळूहळू बाकीच्याही पांगल्या. म्हातारी पाळणाघराच्या पायरीवर बसली. गाठोडं मांडीवरच राहिलं. मग माझ्याकडे नाही, सुनेकडे नाही, समोरच्या फाटकाकडे बघत म्हणाली, "तिथं घरात मी एकलीच हाय. शेवंती व्हती तवा अंगनात नाचायची. मला वाटलं, ह्येला नेलं म्हंजी घर भरल्यावानी हुईल."

शेवंताचं नाव त्या दिवशी त्या घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. गंगू पायरीच्या कडेला उभी होती, पोर छातीशी. तिच्या तोंडून आधी नुसताच आवाज आला, कुणी पाठीत धपका घातल्यासारखा. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. वर्षभराचं साठलेलं रडणं होतं ते. मला ते बघवेना आणि नजरही हटेना.

आणि आईच्या मिठीत दाबला गेल्यामुळं म्हणा, रडण्याला घाबरून म्हणा, किंवा ज्या कारणाचा मला आणि डॉक्टरांना पत्ता नव्हता त्या कारणानं म्हणा, भानूला धाप लागली. पोट उडायला लागलं, छातीतून शिट्टी यायला लागली. गंगूनं ते ऐकलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडणं आतल्या आत दाबून तिनं पोराला हातभर लांब धरलं. "घ्या, आत्याबाई, घ्या. न्या त्याला. माझ्यापासनं लांब न्या."

म्हातारीचे हात पुढं झाले. तिनं पोराला घेतलं, त्याच्या छातीला कान लावला, आणि वळवून परत गंगूच्या कुशीत दिलं. तिच्या तोंडातला पदर स्वतःच्या हातानं ओढून काढला.

"धर त्याला," ती म्हणाली. "लागली धाप तर लागू दे. औषिद हाय, पाळणाबाई हाय, मी हाय. तू रड. शेवंतीसाठी रडायचं राहिलंय तुझं."

"गाडी जाईल," गंगू हुंदके देत म्हणाली.

"जाऊ दे."

मी आतून औषध आणलं, चमच्यानं भानूला पाजलं. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मध्येच तोच हात गंगूच्या पाठीवरून फिरत होता. मग तीही रडायला लागली. दोघी शेवंताचं काहीबाही बोलत होत्या, तिला काय आवडायचं, कशी रुसायची. भानूची शिट्टी कमी झाली, पण थांबली नाही. स्टेशनाकडून गाडीचा आवाज आला आणि गेला. त्यांच्यातल्या कुणी मान वर केली नाही.

मी कुलूप हातात घेऊन दाराशी उभी होते. त्या उठल्याशिवाय मला पाळणाघर बंद करता येत नव्हतं. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनी इतक्यात उठू नये असं मला मनापासून वाटत होतं.